मेलेलं माकड कुणाच्या हद्दीत?

मार्च महिन्यात सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग तालुक्यातल्या कुठल्याही काजूच्या बागेत सकाळी सातच्या सुमारास जाऊन उभं राहावं. झाडाखाली वाळक्या पानांचा थर असतो, घोटा बुडेल इतका. आमच्याकडे त्याला पातेरा म्हणतात. बायका कमरेत वाकून पातेरा हाताने बाजूला सारतात, पडलेलं बोंडू उचलतात, बी पिळून वेगळी करतात आणि बादलीत टाकतात. पाय बहुतेकींचे उघडे, फार तर रबरी चपला. तासाभराने एखादी जण बांधावर टेकते आणि पोटरीवरून बोट फिरवत काहीतरी चिमटीत धरून काढते. खसखशीच्या दाण्यापेक्षा जरा मोठा, काळपट ठिपका. गोचिडीचं पिल्लू. दोन नखांत ते चिरडून ती पुन्हा कामाला लागते.

बहुतेक वेळा यातून काहीच होत नाही. पण त्या पिल्लाने आधीच्या अवस्थेत एखाद्या आजारी माकडाचं रक्त प्यायलेलं असेल, तर तीन ते आठ दिवसांत त्या बाईला एकाएकी हुडहुडी भरून ताप येतो. डोकं फुटेल असं दुखतं, अंग मोडून येतं, डोळे लाल होतात. काहींच्या हिरड्यांतून, नाकातून रक्त येतं. ताप उतरतो, बरं वाटू लागतं, आणि काही रुग्णांत आठ-पंधरा दिवसांनी तो पुन्हा उलटतो. या खेपेला मेंदूवर. दर शंभर रुग्णांमागे तीन ते पाच जण दगावतात. या आजारावर नेमकं असं औषध नाही. सलाइन, विश्रांती, रक्तस्रावावर लक्ष आणि वेळेवर दवाखाना, एवढंच हातात असतं. कागदोपत्री याचं नाव क्यासनूर फॉरेस्ट डिसीज, म्हणजे केएफडी. सिंधुदुर्गात आणि गोव्यात लोक त्याला माकडताप म्हणतात, कर्नाटकात मंगन कायिले. दोन्ही नावांचा अर्थ एकच.

भाषा बदलली तरी आजाराचं नाव तेच राहतं. नोंदवही मात्र प्रत्येक राज्याची वेगळी असते. माझं म्हणणं याच नोंदवहीबद्दल आहे. माकडतापाच्या धोक्याचा नकाशा आपण राज्याच्या आणि जिल्ह्याच्या रेघांवर काढतो. तो रानाच्या, काजूच्या आणि माकडांच्या रेघांवर काढायला हवा, आणि महाराष्ट्र, गोवा व कर्नाटक या तिघांनी मिळून काढायला हवा. हे होत नाही तोवर दर मोसमात कुठल्यातरी गावात पहिला रुग्ण सापडल्यावरच आपल्याला कळणार की इथे धोका होता.

१९५७ साली शिमोगा जिल्ह्यातल्या सोरब तालुक्यात क्यासनूरच्या रानात माकडं पटापट मरू लागली आणि पाठोपाठ आसपासच्या गावांत माणसं तापाने फणफणली. पुण्याच्या व्हायरस रिसर्च सेंटरमधले शास्त्रज्ञ तिकडे धावले. आज त्याच संस्थेला आपण राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था म्हणतो. पहिला संशय पीतज्वराचा होता, कारण तोही माकडांना मारतो आणि माणसांना धरतो. विषाणू वेगळा काढून पाहिला तेव्हा तो निघाला रशियातल्या जंगलांतल्या गोचीडजन्य मेंदूज्वराच्या नात्यातला. रशियाचा नातलग कर्नाटकातल्या एका तालुक्यात आला कसा?

या प्रश्नातून जे झालं ते मराठी वाचकाला ठाऊक असायला हवं. सायबेरियातून हिवाळ्यात येणारे पक्षी पिसांत गोचिडी घेऊन येत असतील का, हे तपासायचं ठरलं. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने सालिम अली यांच्या नेतृत्वाखाली आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने पक्ष्यांच्या पायात कडी घालण्याचं मोठं काम हाती घेतलं. हजारो पक्षी जाळ्यात धरले गेले. त्यांच्या अंगावरच्या गोचिडी वेचल्या, पायात क्रमांकाची कडी घातली, आणि पक्षी सोडून दिले. भारतातलं पक्ष्यांच्या स्थलांतराचं ज्ञान या कामाने कितीतरी पुढे गेलं. विषाणू पक्ष्यांनी आणला हे मात्र सिद्ध झालं नाही. तो इथलाच, आपल्या रानातला असावा असंच पुढे मानलं जाऊ लागलं. सीमा ओलांडून रोगावर नजर ठेवण्याची कल्पना आपल्याला बाहेरून शिकण्याची गरज नाही. साठ वर्षांपूर्वी याच आजारासाठी मुंबईतून ती अमलात आली होती.

त्या कामाचा शेवट मात्र कडू झाला. पुढे त्याला अमेरिकी लष्कराच्या एका संशोधन प्रकल्पाचं साहाय्य मिळालं होतं, आणि १९७० च्या दशकाच्या मध्यावर संसदेच्या लोकलेखा समितीने त्यावर गंभीर संशय घेतला. ही माहिती जैविक युद्धासाठी तर वापरली जाणार नाही ना? संशय किती खरा होता यावर आज वाद घालण्यात अर्थ नाही. मला त्यातून एवढंच दिसतं की गोचिडी मोजणाऱ्याने ती माहिती कुणाची, कुठे जाते, कोण वापरतं हे पहिल्या दिवसापासून उघडं ठेवलं नाही, तर चांगलं कामसुद्धा बंद पडतं. तीन राज्यांनी आज काही करायचं म्हटलं तर अविश्वासाची हीच अडचण पुन्हा उभी राहणार आहे, म्हणून तिचा उल्लेख आधीच केला.

पन्नासेक वर्षं हा आजार कर्नाटकाचा, त्यातही शिमोगा आणि शेजारच्या चार जिल्ह्यांचा समजला गेला. मग २०१२ मध्ये तो चामराजनगर जिल्ह्यात बंदीपूरच्या व्याघ्र प्रकल्पात दिसला, तिथूनच तामिळनाडूतल्या निलगिरीच्या हद्दीत. २०१३ मध्ये केरळातल्या वायनाडमध्ये. २०१५ मध्ये गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात पाली गावी. जानेवारी २०१६ मध्ये आमच्या दोडामार्गात, केर गावाच्या परिसरात. पुढच्याच वर्षी सावंतवाडी तालुक्यात बांद्याकडे. ही यादी वाचताना सह्याद्रीच्या कण्यावरून एक आजार वर आणि खाली चालत गेल्यासारखा वाटतो.

पण तो खरंच चालत गेला का? तो या रानांत आधीपासून असेल आणि आपण पाहत नसू, हेही शक्य आहे. साधारण याच काळात पुण्याच्या संस्थेने माकडतापाची झटपट होणारी आरटी-पीसीआर चाचणी आणि एलायझा चाचणी विकसित केली. त्याआधी निदान म्हणजे उंदरांच्या पिल्लांना टोचून वाट पाहणं. चाचणी सोपी झाली, नजर वळली, आणि रुग्ण दिसू लागले. १९९० मध्ये दोडामार्गाच्या एखाद्या खेड्यात काजूच्या हंगामात कुणी रक्ताची उलटी होऊन गेलं असेल, तर त्याच्या कागदावर काय लिहिलं गेलं असेल? विषमज्वर. मलेरिया. नाहीतर नुसताच ताप. आजाराचा आजवरचा नकाशा हा बऱ्याच अंशी आपण कुठे शोधलं त्याचा नकाशा आहे. कोऱ्या जागेचा अर्थ सुरक्षित जागा असा नाही, आणि हे नकाशा काढणाऱ्या प्रत्येकाने ठळक अक्षरांत लिहून ठेवावं असं मला वाटतं.

आता ही सीमा प्रत्यक्षात कशी आहे ते पाहा. दोडामार्गच्या बाजारातून चालत गोव्यात जाता येतं. तिलारीचं धरण महाराष्ट्रात, पाणी दोन्ही राज्यांना. विर्डी गावाच्या एका बाजूला गोवा, दुसऱ्या बाजूला कर्नाटक. चोर्ला घाटातून बेळगावची माणसं पणजीला जातात आणि रानही त्याच घाटातून पलीकडे जातं. भीमगडचं अभयारण्य कर्नाटकात, म्हादईचं गोव्यात, तिलारीचं संवर्धन राखीव क्षेत्र महाराष्ट्रात. नावं तीन, पाट्या तीन, रान एक. दोन दशकांपूर्वी कर्नाटकातून हत्ती आले आणि दोडामार्गातल्या केळी-माडांत शिरले, तेव्हा ते कुठल्या राज्याचे हा वाद बराच रंगला. हत्ती निदान दिसतो. त्याच्या पाऊलखुणांवर कुणी ना कुणी पाळत ठेवतं. तिळाएवढ्या गोचिडीसाठी तेवढीही पाळत नाही.

माणसंही तशीच ये-जा करतात. २०१६ मध्ये बेळगाव जिल्ह्यातल्या काही मजुरांत माकडताप सापडला. ते गोव्यातल्या काजूच्या बागांत कामाला गेले होते. ताप चढला तो घरी परतल्यावर. संसर्ग एका राज्यात, रुग्ण दुसऱ्या राज्यात. आमच्याकडचा रुग्ण जरा गंभीर झाला की नातेवाईक त्याला म्हापशाला किंवा बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजात नेतात, कारण ते जवळ आहे. म्हणजे चावा महाराष्ट्रात, उपचार गोव्यात, आणि रक्ताचा नमुना चारशे किलोमीटरवर पुण्यात. या तिन्ही जागी तीन वेगळी माणसं बसलेली आहेत. त्यांतल्या प्रत्येकाकडे हकिकतीचा एकतृतीयांश तुकडा असतो.

आपल्याकडे रुग्णाची नोंद साधारणपणे तो जिथे राहतो किंवा जिथे दवाखान्यात दाखल होतो त्या जिल्ह्याच्या खात्यावर चढते. डेंगीसाठी ते चालून जाईल, कारण डास घराजवळचाच असतो. गोचिडीच्या आजारात ते साफ चुकतं. इथे घर कुठे आहे याला महत्त्व नाही, पाय कुठे ठेवला याला आहे. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरच्या मजुराची नोंद खानापुरात झाली तर खानापुरात फवारणी होईल, आणि सत्तरीतल्या ज्या बागेत त्याला गोचीड चावली तिथे दुसऱ्या दिवशी दुसरा मजूर पातेरा सारत असेल.

युरोपातलं एक उदाहरण इथे अगदी चपखल बसतं, म्हणून देतो. तिथे माकडतापाच्याच कुळातला गोचीडजन्य मेंदूज्वर आहे. जर्मनीत रॉबर्ट कॉख संस्था दर वर्षी त्याचे जोखीमक्षेत्र जाहीर करते, जिल्हावार. तिची पद्धत मुद्दाम समजून घेण्यासारखी आहे. जिल्ह्यात पाच वर्षांत किती रुग्ण झाले हे पाहताना ती संस्था रुग्णाला राहत्या जागी मोजत नाही, संसर्ग जिथे झाला असण्याची शक्यता आहे तिथे मोजते. आणि त्या एकट्या जिल्ह्याचा आकडा कमी भरला, तर तो जिल्हा आणि त्याला लागून असलेले सगळे जिल्हे मिळून आकडा किती होतो हेही पाहते. दोन्हींपैकी एका हिशेबात जरी तो उंबरठा ओलांडला, तरी जिल्हा जोखमीचा ठरतो. शेजाऱ्याचे रुग्ण माझ्या धोक्यात धरायचे, हे तिथे नियमातच आहे. या एका ओळीचा नियम सिंधुदुर्ग, उत्तर गोवा आणि बेळगावला लावून पाहा. नकाशा लगेच वेगळा दिसू लागेल.

युरोपीय संघाच्या पातळीवर २०१२ पासून हा आजार कळवणं सदस्य देशांना बंधनकारक झालं. २०१४ पासून व्हेक्टरनेट नावाच्या जाळ्यातून गोचिडी आणि डासांच्या जाती कुठे सापडतात याचे नकाशे सगळ्यांना उघडे आहेत. देश वेगळे, भाषा वेगळ्या, एकमेकांशी महायुद्धं लढलेले शेजारी. ते गोचिडींचा नकाशा एकत्र ठेवू शकतात. आपण तर एकाच देशातली तीन राज्यं आहोत.

इथे कुणीतरी म्हणेल की सार्वजनिक आरोग्य हा राज्यांचा विषय आहे. खरं आहे, तो राज्यसूचीत आहे. पण त्याच सातव्या परिशिष्टात समवर्ती सूचीतली २९ वी नोंद आहे, आणि ती एका राज्यातून दुसऱ्या राज्यात माणसांचे, जनावरांचे किंवा वनस्पतींचे संसर्गजन्य रोग व कीड पसरू न देण्याबद्दल आहे. माणसं, जनावरं, वनस्पती. घटनाकारांनी तिन्ही एकाच वाक्यात धरली, आणि रोग राज्याची सीमा ओलांडतो हे गृहीत धरलं. अधिकार नाही ही सबब टिकत नाही.

अडचण आहे ती बसण्याच्या जागेची. राज्यांनी आपसांतले प्रश्न सोडवावेत म्हणून १९५६ च्या राज्य पुनर्रचना कायद्याने विभागीय परिषदा केल्या. त्यात महाराष्ट्र आणि गोवा पश्चिम परिषदेत येतात. कर्नाटक दक्षिण परिषदेत. माकडतापाचा पट्टा बरोबर दोन परिषदांच्या फटीत पडतो. जी तीन राज्यं एकाच रानाच्या कडेला राहतात, ती नियमाने एका टेबलाला बसतच नाहीत. त्यातून सीमाप्रश्न आहे, म्हादईच्या पाण्याचा तंटा आहे. बेळगावबद्दल माझ्या भावना कुठल्याही मराठी माणसासारख्याच आहेत आणि त्या मी लपवत नाही. पण त्या तंट्याचा निकाल लागेपर्यंत मेलेल्या माकडाची बातमी पलीकडच्या गावाला न देणं, यात कुणाचंच भलं नाही. खानापूरच्या रानात काम करणारा मजूर मराठी बोलतो की कन्नड, याने गोचिडीला फरक पडत नाही.

माकड हे या सगळ्यातलं सर्वांत मोलाचं चिन्ह आहे. काळतोंडी वानर आणि लालतोंडी माकड, दोघंही या विषाणूने मरतात. जिथे ते मरून पडतं तिथे त्याच्या अंगावरच्या गोचिडी खाली उतरतात आणि तेवढी जमीन विषारी होऊन बसते. म्हणून मेलेल्या माकडाभोवती पन्नास फुटांपर्यंत मॅलॅथिऑन या कीटकनाशकाची पावडर मारतात. माकडांच्या मरणाची खबर बऱ्याचदा माणसांतल्या तापाच्या आधी येते. निसर्गाने दिलेली ही आगाऊ नोटीस आहे, आणि ती फुकट आहे.

पण तिचा प्रवास कसा होतो ते पाहावं. गुराख्याला वास येतो. तो गावात सांगतो. पोलीस पाटील किंवा आशाताई कुणालातरी फोन करते. मेलेला प्राणी वन्य म्हणून वनरक्षक आल्याशिवाय हात लावता येत नाही. शवविच्छेदन करायचं पशुसंवर्धनच्या डॉक्टरने. नमुना पाठवायचा आरोग्य खात्याने. तीन खाती, तीन वरिष्ठ, तीन गाड्या. एप्रिलच्या उन्हात दोन दिवसांत त्या देहाचं काय होतं हे सांगायला नको. नमुना कुजला की अहवाल येतो, ‘तपासणीस अयोग्य’. त्यानंतर त्या जागेबद्दल कुठल्याच नकाशावर काहीच उमटत नाही. ही एकाच राज्याच्या आतली कथा झाली. माकड सीमेपलीकडे शंभर मीटरवर मेलेलं असेल तर अलीकडच्या गावाला ते कळण्याची कुठलीच ठरलेली वाट नाही. कळतं ते काजूच्या खरेदीला येणाऱ्या व्यापाऱ्याकडून, नाहीतर माहेरी आलेल्या लेकीकडून.

कर्नाटकात वर्षानुवर्षं लस देताना हिशेब असा होता की रुग्ण सापडला किंवा माकड पॉझिटिव्ह आलं की त्याभोवती पाच किलोमीटरच्या वर्तुळातली गावं घ्यायची. आता विर्डी किंवा मांगेलीसारख्या गावात मध्यबिंदू धरून पाच किलोमीटरचं वर्तुळ काढा. त्याचा एक तुकडा दुसऱ्या राज्यात पडतो. कागदावर वर्तुळ पुरं असतं, प्रत्यक्षात ते सीमेवर कापलं जातं, आणि कापलेल्या तुकड्यातली गावं कुणाच्याच यादीत नसतात. ती लस दोन मात्रांनंतर साधारण बासष्ट टक्के आणि बूस्टरनंतर त्र्याऐंशी टक्के उपयोगी असल्याचं २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं होतं. पुढे तिची ताकद कमी पडू लागली आणि २०२२ मध्ये ती थांबवण्यात आली. नवी लस तयार करण्याचं काम भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने हाती घेतलं आहे. ती येईल तेव्हा पहिला प्रश्न असेल, पहिल्या मात्रा कुठल्या गावांना? त्याचं उत्तर देणारा नकाशा आत्तापासून तयार होत नसेल, तर लस येऊनही आपण चाचपडतच राहू.

धोका कुठे असू शकतो याचे आडाखे आता बऱ्यापैकी बांधता येतात. शिमोगा परिसरावरचा एक अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात दिसलं की सदाहरित रान आणि लागवड एकमेकांत मिसळलेली असते आणि देशी गुरांची संख्या जास्त असते, अशा ठिकाणी धोका अधिक. हे वर्णन वाचून मी थांबलो. रान, त्याला चिकटून काजू-रबर, आणि रानात चरायला सोडलेली गुरं. हे तर माझ्या तालुक्याचं वर्णन आहे. गुरांना माकडताप होत नाही, पण पावसाळ्यात मोठ्या गोचिडी त्यांच्याच रक्तावर पोसतात आणि त्यांच्याबरोबर रानातून गोठ्यापर्यंत येतात. १९८२-८३ च्या सुमाराला दक्षिण कन्नडमधल्या बेळतंगडी तालुक्यात काजूच्या लागवडीसाठी रान तोडलं गेलं आणि पाठोपाठ माकडतापाचा फार मोठा उद्रेक झाला. काजूला दोष देण्याचा हेतू नाही. काजूवर आमची घरं उभी आहेत. पण रान फोडून जिथे नवी बाग होते तिथे पहिली काही वर्षं डोळ्यांत तेल घालून पाहायला हवं, आणि बागेची नोंद सात-बाऱ्यावर असतेच. कृषी, वन आणि आरोग्य या तीन खात्यांचे नकाशे एकावर एक ठेवले तर कितीतरी गोष्टी गोचीड पकडायच्या आधीच दिसतील.

गोचीड पकडण्याचं कामही काही अवघड नाही. एक पांढरं जाडसर कापड घ्यायचं, काठीला बांधायचं आणि रानवाटेच्या कडेने पातेऱ्यावरून हळूहळू ओढत न्यायचं. चाहूल लागली की गोचीड कापडाला चिकटते. काही पावलांवर कापड उलटं करून चिमट्याने वेचायच्या, कुपीत भरायच्या, कुपीवर जागा आणि तारीख लिहायची. नोव्हेंबरपासून मे अखेरपर्यंत दर पंधरा दिवसांनी तीन राज्यांतल्या ठरावीक पन्नास-साठ जागी हे एकाच पद्धतीने झालं, तर दोन हंगामांत असा नकाशा मिळेल की जो आजवर कुणाकडेच नाही. एकाच पद्धतीने हे शब्द महत्त्वाचे आहेत. गोव्याने एका रीतीने मोजलं आणि महाराष्ट्राने दुसऱ्या, तर दोन्ही आकडे शेजारी ठेवून काही अर्थ लागत नाही.

बदनामीची भीती हा सगळ्यांत खरा आक्षेप आहे. गावाचं नाव लाल रंगात आलं तर व्यापारी काजूचा भाव पाडेल, पर्यटक येणार नाहीत, सोयरिकी अडतील. ही भीती बाळगणाऱ्यांना मी अडाणी म्हणणार नाही. २०१६ नंतर आमच्याकडे लोकांनी काय काय ऐकून घेतलं ते मला माहीत आहे. माकडताप माणसाकडून माणसाला होत नाही आणि काजूच्या बीतून तर मुळीच नाही, हे शंभरदा सांगावं लागतं. पण उपाय नाव लपवण्यात नाही. धोक्याचं क्षेत्र गावाच्या नावाने जाहीर न करता रानाच्या पट्ट्याच्या नावाने करता येतं. आणि जाहीर करताना त्याबरोबर काहीतरी दिलं गेलं पाहिजे: गोचिडी दूर ठेवण्यासाठी अंगाला लावायचं डेपा तेल मोसमाच्या सुरुवातीलाच, बागेत उतरणाऱ्या प्रत्येकाला बूट आणि पायमोजे, आणि आजारी पडलेल्या मजुराची बुडालेली रोजी. लाल रंगाबरोबर हे येणार असेल तर गावं स्वतःहून माकड मेल्याची खबर देतील. नुसता लाल रंग आला तर माकड रातोरात पुरलं जाईल. तसं करणाऱ्याला मी दोष देणार नाही.

दुसरा आक्षेप, हे सगळं केंद्राने करावं. नागपूरला राष्ट्रीय वन हेल्थ संस्थेची पायाभरणी ११ डिसेंबर २०२२ रोजी झाली. माणूस, जनावर आणि रान यांचं आरोग्य एकत्र पाहायचं हेच तिचं काम. तिचं मी मनापासून स्वागत करतो, आणि तिच्या पहिल्या कामांत माकडतापाचा हा पट्टा असावा अशी मागणीही करतो. पण दिल्ली किंवा नागपूर इथून कळणार नाही की या वर्षी काजूचा मोहोर लवकर आला, म्हणून बागा साफ करायला माणसं जानेवारीतच रानात गेली. ते सावंतवाडीतल्या, वाळपईतल्या, खानापुरातल्या माणसालाच कळतं.

गोचिडीचा प्रश्न एका माकडतापापुरता नाही, हेही ध्यानात ठेवायला हवं. २०११ च्या जानेवारीत गुजरातमध्ये क्रिमियन-काँगो ताप भारतात पहिल्यांदा नक्की झाला आणि उपचार करणारे डॉक्टर व परिचारिकाही त्यात गेल्या. तो ताप गुरांवरच्या गोचिडींतून येतो आणि माकडतापाच्या उलट रुग्णाच्या रक्तातून दुसऱ्याला होतो. २०२० मध्ये पालघर जिल्हा प्रशासनाने गुजरातच्या सीमेवरून येणाऱ्या जनावरांमुळे त्याबद्दल सावधगिरीचा इशारा दिला होता. उद्या तिथे काय लागेल त्याची तालीम आज दोडामार्गात होऊ शकते.

म्हणून मागणी लहान आणि नेमकी ठेवतो. सिंधुदुर्ग, उत्तर गोवा आणि बेळगाव या तीन जिल्ह्यांच्या आरोग्य, वन आणि पशुसंवर्धन अधिकाऱ्यांनी मोसम सुरू व्हायच्या आधी, ऑक्टोबरात, एका जागी बसावं. चोर्ल्याला बसले तरी चालेल. माकड मेल्याची खबर चोवीस तासांत तिन्हीकडे जाईल असं लेखी ठरवावं. तापाच्या रुग्णाच्या केसपेपरवर एक ओळ वाढवावी: गेल्या पंधरा दिवसांत कुठल्या बागेत, कुठल्या रानात गेला होता? ती ओळ मराठीत, कोकणीत आणि कन्नडात छापावी. नमुने जवळ तपासले जावेत आणि निकाल गावाला आधी कळावा, वृत्तपत्राला नंतर. नकाशा तिघांच्या सहीने निघावा आणि ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लागावा.

विर्डीच्या रानात वनरक्षकाला उद्या वानर मेलेलं दिसलं, तर त्याच्या मोबाइलमध्ये वाळपईच्या आरोग्य केंद्राचा आणि खानापूरच्या तालुका आरोग्य अधिकाऱ्याचा नंबर असायला हवा. काजूला मोहोर डिसेंबरात येतो. त्याआधी ते दोन नंबर त्याच्याकडे पोचवायला कुठलाही नवा कायदा लागत नाही.